तासाचे किती

वॉचमनच्या वहीत 'काम' या रकान्यात
माझ्या वरच्या ओळीला होतं: आर.ओ. दुरुस्ती,
त्याच्या वर: कुत्रा फिरवणे.
मी लिहिलं: गणित, सातवी.
वेळ पाच चाळीस.

सीवूड्सच्या त्या लिफ्टला आरसा होता
आणि मजले एकोणीस, म्हणजे सरावाला पुरेसे.
तीनशे. साडेतीनशे.
तासाचे चारशे, मॅडम.
'मॅडम' काढून टाकलं.
अकराव्या मजल्यावर एक आजोबा आत आले,
मग मनातल्या मनात.

सबनीसबाईंनी ताक दिलं.
खिडकीखाली खाडी ओहोटीला लागलेली,
तिवरांचे गुडघे उघडे पडलेले.
"तासाचे किती?" त्यांनी विचारलं,
भाजीवालीला विचारतात तसं नाही,
डॉक्टरला विचारतात तसंही नाही,
मधलंच काहीतरी.

मी म्हटलं, "चारशे."
आणि त्यानंतर जी शांतता आली
तिच्यात मीच धडपडले:
"म्हणजे, आठवड्याला तीन दिवस असतील तर साडेतीनशे,
आणि परीक्षेआधी जास्त बसलो तर
त्याचं काही नाही."

"चालेल," त्या म्हणाल्या,
इतक्या पटकन
की कळलं, पाचशेलाही चाललं असतं.
त्या तर फक्त ताकाचा घोट गिळत होत्या.

खरं तर मी तासाचा आकडा लावलाच नव्हता.
लावला होता सँडलच्या उसवलेल्या शिवणीचा,
दोन बस बदलण्याचा,
टी.वाय.च्या राहिलेल्या एका पेपरचा,
आणि "राहतेस कुठे?" या प्रश्नानंतर
"कोपरखैरणे, माथाडी कॉलनी" म्हणण्याआधी
घेतलेल्या श्वासाचा.

ओजसला अपूर्णांक आवडत नाहीत.
तरी पहिल्याच दिवशी त्याने
साडेतीनशेला साठाने भागून दाखवलं.
"टीचर, मिनिटाला पाच रुपये त्र्याऐंशी पैसे,
आणि पुढे तीन तीन तीन, संपतच नाही."
पाणी पिऊन आला आणि म्हणाला,
"बारा रुपये गेले."
मी हसले.
त्या दिवशी मी त्याला
घड्याळाकडे पाठ करून बसवलं,
आणि स्वतः घड्याळासमोर बसले.

अण्णा मार्केटवरून आले होते,
मानेला कांद्याची टरफलं चिकटलेली.
"ठरलं का?"
सगळं सांगितलं, ताकासकट.
त्यांनी एक टरफल सोलून काढलं,
उजेडात धरलं.
"भाव आधी बोलायचा, गोण मग उचलायची.
एकदा पाठीवर आली की बोलता येत नाही,
तोंड जमिनीकडे असतं."
मग जरा वेळाने, मोरीतून:
"आमचा दर टोळीचा असतो.
तुझी टोळी कुठाय?"

पुढच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या
यादवकाकू आल्या, नमिताला घेऊन. दहावी, इंग्रजी कच्चं.
"काय घेशील?"
"काही नको हो काकू."
त्यांचा चेहराच बदलला.
"फुकटचं पोरगी ऐकत नाही.
मलाही वरचेवर विचारता यायचं नाही, कुठवर आलं म्हणून.
आकडा सांग."
"शंभर."
"तासाचे की महिन्याचे?"

या खेपेला शांततेत मी पडले नाही.
तिला होऊ दिलं पुरतं.
शेजारी कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या,
नमिता चपलांकडे बघत होती.
"महिन्याचे," मी म्हटलं,
आणि त्या उंबऱ्यावरच पदराची गाठ सोडू लागल्या.

सबनीसांकडे अजून चारशे म्हटलेलं नाही.
दिवाळीनंतर म्हणेन.
लिफ्टमध्ये हल्ली मी आरशाकडे पाठ करून उभी राहते.
पाठीवर काही नाही,
एक सॅक आहे फक्त,
आणि तोंड समोर,
आकड्यांकडे:
सोळा, सतरा,
अठरा.